नाव कोणाचे लावायचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली घरातली बाई, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे मनापासून सांगावेसे वाटते ते सांगा." म्हणून आज मी एका सातवी पास झालेल्या माणसाबद्दलच सांगणार आहे. हा माणूस पुढे मोठा कवी झाला आणि आयुष्याच्या उत्तरकाळात आपल्या जवळच, नेरळला, येऊन राहिला. कवी नारायण सुर्वे यांच्याविषयी मी बोलते आहे. मुलांच्या मराठीच्या पुस्तकात त्यांची कविता असते, तेवढी ओळख आपल्या सर्वांनाच आहे. पण त्यांना हे नाव कसे मिळाले, ते पुष्कळ जणींना ठाऊक नसेल.

सुमारे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात रस्त्याच्या कडेला एक तान्हे मूल कोणी तरी टाकून गेले होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचलून घरी आणले. गंगारामबाबा इंडिया वुलन मिलमध्ये कामाला होते आणि त्यांची पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये. दोघांचे हातावर पोट. त्या दोघांनी त्या मुलाला आपल्यात घेतले, वाढवले, शाळेत घातले. शाळेच्या दाखल्यावर नाव लागले, नारायण गंगाराम सुर्वे. जन्मतारीख म्हणून १५ ऑक्टोबर १९२६ ही तारीख आज सर्वत्र लिहिली जाते. खरी आई कोण, बाप कोण, जात कोणती, हे त्यांना जन्मभर कळले नाही.

त्यांचे सगळे पुढे सुखाने झाले असे मात्र नाही. नारायण चौथी झाला आणि गंगारामबाबा गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी निघून गेले. जाताना मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोरगा मुंबईत एकटा राहिला. मग त्याने काय नाही केले? लोकांच्या घरी वरकाम केले, हॉटेलात कपबशा विसळल्या, हमाली केली, गिरणीत राबला. पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागला. शिपाई असतानाच अभ्यास करून सातवीची परीक्षा दिली आणि नगरपालिकेच्या शाळेत मास्तर झाला. ज्या शाळेत घंटा वाजवायची आणि फळा पुसायचा, तशाच शाळेत खडू हातात घेऊन उभे राहायचे, ही काय लहान गोष्ट आहे? माझ्यासारख्या सातवीवर थांबलेल्या बाईला तर याचे फारच अप्रूप वाटते.

त्यांची पहिली पुस्तके म्हणजे १९६२ सालचे 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ सालचे 'माझे विद्यापीठ'. पुढे 'जाहीरनामा' व 'सनद' ही आली. विद्यापीठ म्हणजे त्यांच्या लेखी मोठी दगडी इमारत नव्हे. रस्ता, गिरणी, चाळ, मोर्चा, तिथली माणसे, हेच त्यांचे विद्यापीठ. ते लाल बावट्याचे कार्यकर्ते होते, मार्क्सच्या विचारावर त्यांची श्रद्धा होती. आपल्यापैकी कोणाला तो विचार पटेल, कोणाला नाही पटणार. पण त्या विचाराच्या मुळाशी त्यांची जी साधी समजूत होती, ती कोणालाही पटण्याजोगी आहे. राबणारा माणूस हाच जग उभे करतो, आणि माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरत नाही, त्याच्या कामावरून आणि माणुसकीवरून ठरते. ज्याला जन्म माहीतच नाही, त्याने हे सांगावे यात नवल नाही. नवल हे, की सांगताना त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता. ज्या आईने टाकले तिला शिव्याशाप देत ते बसले नाहीत. त्यांच्या कवितेत आई येते ती पहाटे उठून गिरणीत जाणारी, राबून थकणारी आई.

डोंगरी शेतावरचे त्यांचे एक गाणे आहे. राबून राबूनही पोट भरत नाही अशा कष्टकरी बाईचे ते गाणे आपल्या बायकांनी रानात म्हटलेले आहे. ते कोणा कवीचे आहे हे ठाऊक नसतानाही म्हटले आहे.

१९९५ साली परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्याचे नावच 'नारायण गंगाराम सुर्वे'. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी संसाराची सगळी ओढाताण सोसली आणि 'मास्तरांची सावली' हे आपले आत्मचरित्रही दिले. मैत्रिणींनो, हे पुस्तक मंडळाच्या कपाटात यायलाच हवे. १६ ऑगस्ट २०१० रोजी सुर्वे मास्तर गेले.

आता मी हे सगळे आजच का सांगते आहे, ते बोलते.

माझ्या धाकट्या जावेने गेल्या वर्षी एक मुलगी दत्तक घेतली. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. अकरा वर्षे संसार झाला, मूल नाही. नवस झाले, दवाखाने झाले. शेवटी दोघांनी रीतसर नाव नोंदवले, तीन वर्षांच्या वर वाट पाहिली आणि पोर घरात आली. आम्ही बारसे केले. बायका आल्या, घुगऱ्या घेतल्या, पाळणा म्हटला. पण पाळण्याची दोरी सोडता सोडता काही जणींनी विचारलेच, "कोणाची गं? जात कोणती असेल? रक्त कसे निघेल?" माझी जाऊ काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती मुलीला घेऊन हळदीकुंकवाला यायची थांबली आहे.

विचारणाऱ्या बायका दुष्ट नव्हेत. त्यांतल्याच एकीने मुलीसाठी स्वतः शिवून झबले आणले होते. जे वर्षानुवर्षे ऐकले ते तोंडातून निघते. म्हणून मी रागाने बोलत नाही. आपण भाताच्या मुलखातल्या बायका आहोत, म्हणून भाताचेच सांगते. बी राबावर पेरतो, तिथे रोप उगवते. ते उपटून, मुठी बांधून, दुसऱ्या खाचरात लावतो. कापणीच्या वेळी कोणी विचारते का, की रोप कोणत्या वाफ्यातले? ज्याने चिखल केला, लावणी केली, बेणणी केली, त्याचेच ते भात. आणि आपण तरी कोण? एका घरी वाढून दुसऱ्या घरी आलेल्याच ना? माहेरचे आडनाव सोडून सासरचे लावले, आणि आज याच घराच्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावतो. ज्यांची स्वतःचीच लावणी झाली आहे, त्यांनी एका तान्ह्या पोरीला मूळ विचारावे का?

हे काही नवे खूळही नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा हाच दत्तक मुलगा आईच्या बरोबरीने रोग्यांसाठी झटत होता. कोरिया देशात १९५० ते १९५३ या काळात मोठे युद्ध झाले. त्यानंतरच्या वर्षांत तिथली दीड-दोन लाख मुले परदेशात दत्तक गेली. त्यांतली काही मोठेपणी कवी, लेखक झाली, आणि आपण कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आपल्या लिहिण्यातून मांडला. म्हणजे हा प्रश्न दत्तक मुलाला पडतोच. आपण बाहेरच्यांनी तो त्याच्या अंगावर फेकू नये, एवढेच.

एक गोष्ट मात्र मी माझ्या जावेलाही सांगितली आहे. मूल उचलून आणणे ही पुण्याची गोष्ट खरी, पण उचलले की शेवटपर्यंत सांभाळायचे. दहा रुपये हातावर ठेवून निघून जाण्याइतकी गरिबी गंगारामबाबांवर असेल. त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? पण त्या पोराने त्या वयात काय सोसले, तेही विसरू नये. तरीसुद्धा सुर्वे मास्तरांनी ते नाव आयुष्यभर लावले, त्याला मोठे केले. घेतलेल्या नावाचे ऋण इतके मोठे असते.

चार कामाच्या गोष्टीही सांगते. दवाखान्यातून, दलालाकडून किंवा ओळखीने परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे. सरकारी व्यवस्थेत नाव नोंदवून, घरची चौकशी होऊन, मगच मूल मिळते. वेळ लागतो, पण मग ते मूल कायद्याने पोटच्या मुलासारखेच, वारसाहक्कासकट. आणि कुठे टाकलेले मूल दिसले, तर १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. पुढे बालकल्याण समिती पाहते.

सुर्वे मास्तरांची एक कविता आहे. देह विकून जगणारी एक बाई मुलाला शाळेत घालायला आणते. मास्तर बापाचे नाव विचारतात, आणि ती मास्तरांनाच सांगते की तुमचेच घाला. स्वतःच्या दाखल्यावर दुसऱ्याने दिलेले नाव वागवणाऱ्या माणसालाच अशी कविता सुचू शकते.

आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावायचा नियम झाला आहे. हा नियम तेव्हा असता तर दाखल्यावर नाव लागले असते, नारायण काशीबाई गंगाराम सुर्वे. त्या काशीबाईला, गिरणीतून दमून येऊन परक्या लेकराला पोटाशी घेणाऱ्या त्या माउलीला, आज आपण नमस्कार करू.

आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी जाऊ येईल, तेव्हा तिच्या लेकीच्या हातावर तिळगूळ ठेवा आणि तिला तिच्या नावाने हाक मारा. दुसरे काही विचारायची गरज नाही.