झाकली मूठ

२५ वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगी होती. धडा वाचायला उभी राहिली की ओठ हलायचे, पण आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. 'लाजाळू आहे,' असं आम्ही शिक्षकांनी ठरवून टाकलं होतं.

एकदा मी म्हणींचा वाक्यात उपयोग करायला दिला. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीपुढे तिने लिहिलं होतं, 'बाबा आईला आणि मला पट्ट्याने मारतात, पण आई म्हणते, कुणाला सांगू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची.'

उपयोग अगदी बरोबर होता. मी लाल पेन हातात धरून तशीच बसले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो वही मिटून टाकण्याचा. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला वाचनालयात बोलावलं. 'हे खरं आहे का गं?' तिने मान खाली घातली. मग म्हणाली, 'बाई, बाबांना शाळेत बोलावू नका. रात्री आईला भोगावं लागेल.' इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. मी म्हटलं, 'नाही बोलावणार. पण गप्पही बसणार नाही. ज्यांना यातलं कळतं, त्यांना दोघी मिळून विचारू.'

आम्ही १०९८ हा नंबर फिरवला. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. २४ तास, विनाशुल्क. फोनवर ती स्वतः बोलली. मी नुसती शेजारी बसून होते.

आईची भीती एकच होती, 'तक्रार केली तर पोरीला घेऊन जाऊ कुठे?' तिला तेव्हा कळलं, की २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त बायकोसाठी नाही, लेकीसाठीही आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क जात नाही. उलट, मारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मदतीला संरक्षण अधिकारी असतात.

आईने अर्ज केला. न्यायालयाने मारहाणीला मनाई केली. पुढे सगळं गोड झालं असं नाही. 'पोरीने घरची अब्रू चव्हाट्यावर आणली,' असं नातेवाईक म्हणत राहिले. पण वडिलांचा हात थांबला. आणि दहावीत ती वाचायला उभी राहिली, तेव्हा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचला.

श्रोतेहो, अशा मुली ओरडून सांगत नाहीत. निबंधात, वहीच्या कोपऱ्यात, एखाद्या अर्धवट वाक्यात सांगतात. तेवढ्यासाठी त्यांनी किती दिवस धीर गोळा केलेला असतो! तेव्हा 'असू दे, वडीलच आहेत,' असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या. ती झाकलेली मूठ उघडली, तर आत सव्वा लाख नसतात, वळ असतात.