शेत हीच शाळा होईल काय?



ज्युबिली म्हणजे मागल्या वर्षांचा हिशेब आणि पुढल्या वर्षांची तरतूद. म्हणून आज गतकाळाचे गोडवे न गातां, आपल्या तरुण कुटुंबांपुढें उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयीं चार शब्द बोलावे असें योजिलें आहे. मुंबई-पुण्याच्या धांवपळीला कंटाळून कांहीं आईबाप म्हणूं लागले आहेत, "पाचोऱ्याकडे चार एकर जमीन पाहूं, दोन गाई बांधूं आणि मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवूं." हा विचार हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, तसाच डोळे झांकून स्वीकारण्याजोगाही नाहीं.

असें पाऊल आपल्या मुलखांत पूर्वीं पडलेलें आहे. श्री. दिलीप कुलकर्णी हे टेल्को कारखान्यांतील अभियंते. ती नोकरी सोडून, कांहीं वर्षें विवेकानंद केंद्राचें कार्य करून, 1993 सालीं ते दापोली तालुक्यांतील कुडावळे गांवीं सहकुटुंब राहावयास गेले. गांवीं जाणें म्हणजे केवळ घर बदलणें नव्हे, तर गरजा कमी करणें होय, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें. ज्यास शहराचा खर्च हवा आणि खेड्याची शांतताही हवी, त्याच्या पदरीं दोन्ही पडत नाहींत.

शिक्षणाचें उदाहरण गोव्यांतलें. क्लॉड व नॉर्मा आल्वारिस हें दांपत्य 1970 च्या दशकांत मुंबई सोडून गोव्याच्या खेड्यांत कार्य करण्यास गेलें. त्यांचा मुलगा राहुल यानें मार्च 1995 मध्यें शालांत परीक्षा दिली आणि पुढें एक वर्ष कॉलेजांत न जातां बाहेरच्या जगांत शिकण्याचें ठरविलें. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत त्यानें काम केलें, पुण्याच्या सर्पोद्यानांत सापांची ओळख करून घेतली, मद्रासेकडे जाऊन गांडुळांचा व मगरींचा अभ्यास केला. आणि हें सारें एका पुस्तकांत लिहून काढलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तो मुलगा चार भिंतींत कोंडलेला नव्हता. ज्या विषयाचा जो जाणता, त्याच्या पायाशीं बसून तो शिकला.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. वखर, जातें, मोट, सुगी हीच त्यांची शाळा. त्यांचें उदाहरण देऊन कोणी म्हणेल, मग पाटीपुस्तक हवें कशाला? परंतु थोडें थांबून विचार करा. त्यांच्या ओव्या आज आपल्या हातीं आहेत त्या कशामुळें? त्यांचे सुपुत्र सोपानदेव यांना अक्षरओळख होती, घरच्यांनीं त्या कागदावर उतरून ठेविल्या, आणि 1952 सालीं त्या छापून निघाल्या. मातीनें गाणें दिलें, अक्षरानें तें राखलें. मुलाला यांपैकीं एकच देणें म्हणजे त्याचा अर्धा वांटा हिरावून घेणें होय.

म्हणून ज्यांच्या मनांत हा बेत आहे, त्यांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. 1948 च्या कुळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तेव्हां इसार देण्यापूर्वीं सातबारा नीट वाचावा. आपली काळी जमीन कापसाला उदार, पण कोरडवाहू असेल तर पावसाच्या स्वाधीन. सालदार जसा आखाजीपासून आखाजीपर्यंत राबतो, तसें एक वर्ष एखाद्या नातलगाच्या शेतावर राबून पाहावें. मगच शहरांतलें घर विकण्याची भाषा करावी.

मुलांविषयीं म्हणाल तर, 2009 च्या कायद्यानें 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क मुलाचा आहे, आईबापांच्या हौसेचा नव्हे. घरीं शिकलेल्या मुलास 14 वर्षें पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीच्या परीक्षेस बसतां येतें. तें दार त्याच्यासाठीं उघडें ठेवावें. गांवच्या मुलांत त्याला खेळूं द्यावें, अहिराणी त्याच्या कानीं पडूं द्यावी. शेजाऱ्याच्या पोरांपासून त्याला दूर ठेवणारें घर हें शाळा नसून कोंडवाडा होय.

व्हॅटिकन परिषदेनें 1965 सालीं आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचें शिकविलें. पण पहिले म्हणजे एकटेच नव्हेत. नाझरेथच्या घरांत सुताराचें हत्यार होतें, तसेंच त्या गांवांत सभास्थानही होतें; आणि प्रभु येशू दोन्ही ठिकाणीं जात असे.

जीं कुटुंबें शहर सोडून आपल्या धर्मग्रामांत येतील, त्यांना आपण बियाणें द्यावें, बैलजोडी द्यावी, सल्ला द्यावा. आणि त्यांच्या मुलांना आपल्या मुलांत बसवून घ्यावें. ज्युबिलीच्या या वर्षीं एवढें आपल्या हातून घडो, हीच प्रार्थना.