बंदिवानाचे घर

तंजावरला गेलेला मराठी माणूस प्रथम बृहदीश्वराच्या देवळात जातो. तेथील भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून त्याचा ऊर भरून येतो, आणि सरस्वती महालातील पोथ्या पाहून तो समाधानाने परत फिरतो. मीही तसाच गेलो होतो. परंतु देवळापासून जवळच, शिवगंगा तळ्याच्या परिसरात, एक जुने चर्च आहे. त्यात जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी शिल्प आहे. एक वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर पडला आहे, त्याच्या उशाशी एक तरुण मराठी राजा आला आहे, आणि जवळच शाळेतील तीन मुले उभी आहेत. हे शिल्प त्या राजानेच मुद्दाम करवून घेतले. राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी, आणि मिशनरी म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. भोसले कुळातला राजा आणि परक्या धर्माचा हा उपदेशक यांच्यात एवढा स्नेह कोठून आला, याचा शोध घेऊ लागले की आपण एका बंदिखान्याच्या दाराशी येऊन पोहोचतो. त्या बंदिखान्यात कोंडलेला होता एक लहान मुलगा.

सन 1787 मध्ये तुळजाजी महाराज मरणाला टेकले. त्यांची स्वतःची अपत्ये हयात नव्हती. म्हणून भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतील सरफोजी नावाचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याला दहावे वर्षही अजून पुरे झाले नव्हते. महाराजांनी श्वार्ट्झला बोलावून या मुलाचे पालकत्व स्वीकारण्याची विनंती केली. श्वार्ट्झने ती नम्रपणे नाकारली आणि सल्ला दिला की, महाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्या हाती मुलाला सोपवावे. सल्ला नेकीचा होता. परंतु महाराज गेले, पंडितांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरविले, मद्रासच्या इंग्रज सरकारने त्या निर्णयाला मान्यता दिली, आणि पालक म्हणून नेमलेले अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. आता तो मुलगा म्हणजे गादीला धोका! त्याच्याभोवती पहारे बसले. अंधाऱ्या खोलीत, शिक्षणावाचून त्याचे दिवस जाऊ लागले. तुळजाजींच्या विधवा राण्यांच्या नशिबीही तोच जाच आला.

या मुलाचा अपराध काय होता? वडीलधाऱ्यांनी केलेल्या एका विधीत तो मांडीवर बसला होता, एवढाच.

आपल्या इतिहासात ही गोष्ट अपूर्व नाही. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेलेले शाहूराजे सात वर्षांचे होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 मध्ये ते सुटले, परंतु आई ओलीस म्हणून मागे राहिली. तिला महाराष्ट्राची भूमी पुन्हा दिसली ती 1719 मध्ये. आपल्या बखरी लढायांचे वर्णन रंगून करतात. पण अठरा वर्षे छावणीच्या तंबूंत वाढलेल्या त्या मुलाला, आणि पुढे बारा वर्षे त्याच्याविना काढलेल्या त्या मातेला, काय वाटत असेल, याविषयी त्या फारशा बोलत नाहीत.

श्रोतेहो, आपण म्हणाल की ही राजेरजवाड्यांची कथा झाली; आता ओलीस ठेवण्याचे दिवस गेले. खरे आहे. आज कायदा मुलाला बापाच्या अपराधासाठी पकडत नाही. न्यायालयाच्या हुकुमावर एकाच माणसाचे नाव असते. पण त्या हुकुमाची बजावणी होते ती साऱ्या घरावर. कमावता हात जातो, वकिलाची फी येते. थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि धाकटी भावंडे तिच्या कडेवर येतात. घरमालकाची नजर बदलते. कारागृहातल्या मुलाखतीसाठी एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे खर्चावे लागते, आणि जाळीपलीकडच्या माणसाशी मिनिटे मोजून बोलावे लागते. आणि हे सारे अपराध शाबीत झाल्यानंतरच घडते असेही नाही. 2022 च्या अखेरीस आपल्या देशातील तुरुंगांत जे लोक होते, त्यांतील दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी होते. त्यांचा निकाल अजून लागायचा होता. घराचा मात्र लागून चुकला होता!

येथे मला स्वतःची एक आठवण सांगितली पाहिजे. ती भूषणावह नाही. नोकरीच्या प्रारंभी मी एका तालुक्याच्या गावी होतो. तेथे एक बाई मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आली. त्या दाखल्यावर त्याची शिष्यवृत्ती अवलंबून होती. अर्जासोबत वडिलांचे प्रतिज्ञापत्र नव्हते. मी नियमानुसार शेरा मारला, “वडिलांचे स्वाक्षरीसह प्रतिज्ञापत्र जोडावे.” बाई जागची हलेना. मग हळूच म्हणाली, “साहेब, ते आत हाईत. सही आणू कुठनं?” मी कारागृहामार्फत सही मागविण्यासाठी रीतसर पत्र पाठविले, आणि आपण काही चांगले केले अशा समाधानात दुसऱ्या कामाला लागलो. पत्र गेले, परत आले, दुरुस्तीसाठी पुन्हा गेले. सही आली तेव्हा शिष्यवृत्तीची मुदत उलटली होती, आणि मुलगा वीटभट्टीवर कामाला जाऊ लागला होता. ही गोष्टही मला कळली ती केवळ योगायोगाने, दाखला न्यायला कोणीच का येत नाही, याची कारकुनाने चौकशी केली म्हणून. आईचे प्रतिज्ञापत्र चालते का, एवढा एक प्रश्न मी त्याच दिवशी वरिष्ठांना विचारावयास हवा होता.

तंजावरच्या त्या शिल्पासमोर उभा असताना मला हा प्रसंग आठवला. मुलाला अमरसिंहांच्या हाती देण्याचा सल्ला श्वार्ट्झचाच होता. आपण सद्हेतूने बोललो, पुढचे आपल्या हाती नव्हते, असे म्हणून तो स्वस्थ बसू शकला असता. तो तसा बसला नाही. त्याने मुलाची चौकशी केली, भेट घेतली, मद्रास सरकारकडे सतत लिहिले. अखेर 1793 मध्ये सरफोजी आणि राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले, आणि तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण मार्गी लागले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि 1798 च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. तो सोहळा पाहावयास तो उरला नाही. कंपनी सरकारने हे केवळ भूतदयेने केले असे मात्र कोणी समजू नये. पुढच्याच वर्षीच्या तहाने तिने राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. तरीही एका मुलाचे आयुष्य अंधारातून बाहेर आले, ते कोणी तरी मागे वळून ‘त्या पोराचे काय झाले?’ असे विचारले म्हणून.

आज हा प्रश्न कोणी विचारावयाचा? आईबरोबर सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला तुरुंगात राहता येते. 2022 च्या अखेरीस अशा दीड हजारांहून अधिक माता आपल्या मुलांसह देशातील तुरुंगांत होत्या. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपाध्याय खटल्यात या मुलांविषयी सविस्तर आदेश दिले. मुलाला कैदी समजू नये; त्याला आहार, औषध, पाळणाघर, शिक्षण हक्काने मिळावे; त्याच्या जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येऊ नये. त्याच निकालपत्रात एक निरीक्षण नमूद आहे, ते मला विसरता येत नाही. रस्त्यावरची मोकाट जनावरे पाहून ही मुले घाबरतात, आणि केवळ स्त्रियांतच वाढल्यामुळे काही मुलगे स्त्रीलिंगी बोलतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘मी जातो’ असे न म्हणता असा मुलगा ‘मी जाते’ म्हणेल. व्याकरणाची ही चूक कोणाची समजायची?

बाहेर राहिलेल्या मुलांची संख्या याहून किती तरी मोठी. पण ती भिंतीबाहेर असल्यामुळे कोणाच्याच नजरेत भरत नाहीत. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचा आधार अशा काही मुलांना मिळू शकतो, आणि काही कारागृहांत ‘गळाभेट’ या उपक्रमात बंदिवानांना आपल्या मुलांना जवळ घेता येते. या गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु योजना कागदावर असणे निराळे, आणि ती मुलाच्या दाराशी जाणे निराळे. अटक झाली त्या दिवशीच ‘घरी लहान मुले किती, त्यांना आज कोण पाहणार?’ हे दोन प्रश्न विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि बालकल्याण समिती यांच्यापर्यंत पोहोचावीत. त्यासाठी नवे खाते उभारावे लागत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून हुकूम किंवा शेरा निघाला, त्याने काही महिन्यांनी एकदा मागे वळून पाहावे, एवढेच मी सुचवीन. यामुळे शिक्षा सौम्य होत नाही. ती ज्याची त्यालाच होते, एवढेच.

सरफोजींची कीर्ती ग्रंथसंग्राहक म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यांचे 1801 सालचे एक पत्र आहे. तंजावरच्या छत्रांचा, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रांचा, बंदोबस्त कसा चालतो ते त्यात इंग्रज रेसिडेंटला कळविले आहे. परक्या वाटसरूंची पोरकी झालेली मुले छत्रातील शिक्षकाच्या हाती सोपविली जातात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळते, चार दिवसांतून एकदा तेल लावले जाते, आजारात औषध आणि अंगाला कपडे मिळतात. ज्या विद्येची आवड असेल ती त्यांना शिकवितात आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही सोसतात.

ही पद्धत त्यांनीच सुरू केली की पूर्वजांकडून आली, हा वाद मी घालीत नाही. पण ज्याचे बालपण पहाऱ्यात गेले, त्या राजाला परक्या मुलांच्या डोक्यावरचे तेलदेखील लिहिण्याजोगे वाटले. आपल्या नोंदवह्यांत कैद्याचे नाव, वय, कलम आणि तारीख असते. त्याच्या मुलाच्या डोक्याला तेल कोण लावते, यासाठी त्यांत रकाना नाही. तो आपणच आखावयाचा आहे.