मेव्हण्याचं गटार
(शाखेच्या बैठकीत केलेलं भाषण)



कविता वाचीन म्हणून तुम्ही मला उभा केलात. आज कविता नाही. आज गटाराबद्दल बोलायचंय.

माझ्या गावी बौद्धवाड्यात सरकारी अनुदानातनं गटार बांधलं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास, असं त्या योजनेचं लांबलचक नाव. पैसा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडनं येतो. आमच्या नावावर येतो. पहिल्याच पावसात गटाराची कड ढासळली आणि घाण पाणी आईच्या चुलीपर्यंत आलं. ठेकेदार कोण? ग्रामसेवकाचा मेव्हणा. (२०२४ पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. हुद्दा बदलला, मेव्हणा तोच.)

मी गोदीत पोती उतरवतो. तिथं बोटीचा टॅली क्लार्क वेगळा, धक्क्यावरचा वेगळा. दोघांचे आकडे जुळले तर ठीक, नाहीतर बोंब. शेठजींना आपल्या गोणीची एवढी काळजी! आणि आमच्या वस्तीच्या पैशाला? चेकवर सही करणारा आणि चेक घेणारा एका ताटात जेवतात.

मग मी नियम वाचले. मॅट्रिक झालोय, सरकारी मराठी अर्धी मला कळली, अर्धी एका वकील दोस्तानं फोडून सांगितली. नियम नाहीत असं नाही. जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, राज्य सरकारच्या नोकरांना १९७९ चे. नोकरानं परवानगीशिवाय धंदा करायचा नाही. घरातलं कुणी धंदा करत असेल तर वर कळवायचं. पण घरातलं म्हणजे कोण? १९७९ च्या नियमांत बायको, पोरं, आणि रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेला, पण पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून असलेला माणूस. आता हा मेव्हणा कुणावर अवलंबून? त्याचे स्वतःचे दोन डंपर आहेत. सुटला! फौजदारीचं बघा, तर न्याय संहितेचं कलम २०२, म्हणजे जुन्या पीनल कोडचं १६८, नोकर स्वतः धंद्यात उतरला तर लागतं. मेव्हणा उतरला तर नाही.

आणि पंचायतीच्या सदस्याला? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४. पंचायतीच्या कामात सदस्याचा, स्वतःचा किंवा भागीदाराकडनं, सरळ किंवा आडून हिस्सा निघाला की सदस्यत्व जातं. निकाल जिल्हाधिकारी देतो. आमच्या गटारात ह्या कलमात अडकणारा माणूस एकच आहे. राखीव जागेवर निवडून आलेला माझा सख्खा चुलता. वाळू त्यांनी पुरवली, मेव्हण्याबरोबर भागीत.

वस्तीतले म्हणतात, गप बस. आपला जाईल, त्यांचा राहील. हे खोटं नाही. कायद्याचं जाळंच असं विणलंय की बोंबील अडकावा आणि सुरमई निघून जावी. पण म्हणून जाळं टाकायचंच नाही? महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तो ठराव पाण्यापर्यंत न्यायला १९२७ साली बाबासाहेबांबरोबर हजारोंना चालत जावं लागलं.

म्हणून अर्ज दोन आहेत. एक चुलत्याविरुद्ध, जिल्हाधिकाऱ्याकडे. दुसरा ग्रामसेवकाविरुद्ध, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. नातं लपवून बिल काढणं सचोटीत बसतं का, एवढाच त्यात सवाल. सोबत माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागायची. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. २००५ च्या त्या कायद्यानं कामाची पाहणी करता येते, मालाचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. सिमेंट किती आणि माती किती, गटारच सांगेल.

तात्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते जेवत होते. ताट सरकवून म्हणाले, "मॅट्रिकची फी मीच भरली होती तुझी."

भरली होती. बापाकडे तेव्हा पैसे नव्हते.

दोन्ही अर्जांवर पहिली सही माझी आहे. येत्या रविवारी गावी जायचंय, वस्तीतल्या सह्या घ्यायला. माझ्याबरोबर कोण येतंय ते आत्ताच सांगा.