सर्वांत तापलेला ग्रह कोणता?

गावोगावहून आलेल्या माझ्या विज्ञान व भूगोल शिक्षक बंधुभगिनींनो,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या सातारा शहरात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करते. ग्रहाचे हवामान कशाने घडते आणि ते नववी-दहावीच्या मुलांना कसे शिकवावे, यावर विचार करण्यासाठी आपण या परिषदेत जमलो आहोत.

सर्वांत तापलेला ग्रह कोणता, असे वर्गात विचारले की बहुतेक मुले बुधाचे नाव घेतात. तो सूर्याला सर्वांत जवळ ना! हे उत्तर लगेच खोडू नये, फळ्यावर राहू द्यावे. मग आकडे द्यावेत. बुधावर दिवसा ४३० अंश सेल्सिअस, रात्री उणे १८०. शुक्रावर मात्र रात्रंदिवस ४६० अंशांच्या आसपास. त्यातही शुक्राचे ढग पडलेल्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश परतवून लावतात. म्हणजे पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवूनही तो एवढा तापतो! माझ्या मते खरा तास इथे सुरू होतो.

मुले म्हणतील, कार्बन डायऑक्साइडमुळे. बरोबर, शुक्राच्या हवेत तो ९६ टक्के आहे. पण मंगळाच्या हवेतही ९५ टक्के आहे आणि तिथे सरासरी उणे ६० अंशांची थंडी! कारण मंगळावरचा हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, तर शुक्रावरचा नव्वद पटींहून जास्त. नुसती टक्केवारी पाठ करून भागत नाही, हे मुलांना इथे आपोआप उमगते. आपल्या पृथ्वीवर हरितगृह वायू नसते, तर सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश असते.

आणि आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या लाव्हाबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत आला. आज तोच बेसाल्ट पावसात झिजताना हवेतला हा वायू बांधून घेतो आणि कृष्णा-कोयना तो समुद्राकडे नेतात. शुक्रावर पाणी उरले नाही, त्यामुळे तिथे ही वाटच बंद. मात्र हे लाखो वर्षांचे काम आहे. आपल्या धुराड्यांचा वेग त्याला झेपणारा नाही. हा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा, अशी माझी कळकळ आहे.

उद्या सकाळी यवतेश्वर घाटात बेसाल्टचे थर पाहायला जाऊ. आता परिषदेचे उद्घाटन करावे, अशी अध्यक्षमहोदयांना विनंती करते.