समुद्रातील तेलक्षेत्र आणि कामगारांचे सुरक्षा-प्रशिक्षण

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, ‘मुंबई हाय’ हे आपल्या देशाचे सर्वांत मोठे सागरी तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे खोदाई करून तेलाचा शोध लावला आणि १९७६ पासून ते तेल देशाच्या उपयोगी पडू लागले. या घटनेची महती आपण शाळांतून सांगतो. तथापि, ते तेल काढणाऱ्या माणसांविषयी आपण क्वचितच बोलतो. तेथे केवळ अभियंते व भूवैज्ञानिक नसतात. वेल्डर, फिटर, रंगारी, क्रेनचालक, स्वयंपाकी, सफाई कामगार असा मोठा परिवार तेथे राबत असतो आणि त्यांतील पुष्कळसे कंत्राटदारांमार्फत गेलेले असतात. आपल्या गावचा आयटीआय झालेला मुलगा उद्या त्यांत असू शकेल. त्याची कामाची पात्रता आणि समुद्रावर जिवंत राहण्याची पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

जमिनीवरील कारखान्यात आग लागली तर कामगार फाटकाबाहेर धाव घेतो. समुद्रातील प्लॅटफॉर्मला फाटक नसते. पायाखाली तेल व वायू, भोवती पाणी, आणि अग्निशामक दल शेकडो किलोमीटर दूर! अशा ठिकाणी पहिली काही मिनिटे माणसाला स्वतःच्याच शिकवणुकीवर काढावी लागतात.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या ब्रिटिश प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसे मृत्युमुखी पडली. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा-झडप काढून ठेवलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीच्या कामगारांपर्यंत पोहोचली नाही आणि तोच पंप सुरू करण्यात आला. पुढे अनेकजण निवासकक्षात आदेशाची वाट पाहत धुराने गुदमरले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. कामाचा लेखी परवाना, पाळी बदलताना द्यावयाची माहिती आणि संकटकाळचा सराव यांचे महत्त्व या एका दुर्घटनेने साऱ्या जगाला पटवून दिले.

आपल्याकडेही अशी किंमत मोजली गेली आहे. २७ जुलै २००५ रोजी हाताला इजा झालेल्या एका स्वयंपाक्याला उपचारांसाठी हलविताना ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले. भडकलेल्या आगीत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जण दगावले. मात्र ३६२ जणांना वाचविण्यात यश आले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना वाचविता आले. त्यांतील कित्येकांनी अंगावरील जीवरक्षक जाकिटाच्या आधारे तास न् तास लाटांशी झुंज दिली. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरले आणि नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. स्वयंपाकी असो वा अभियंता, समुद्राने कोणाचा हुद्दा विचारला नाही.

यास्तव प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्याला आधी काय शिकविले जाते, हे आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. आग विझविणे, प्रथमोपचार, जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी घेणे, उलटलेला तराफा सरळ करणे, बंदिस्त जीवरक्षक नौकेत बसणे, हे तर आहेच. सर्वांत कठीण पाठ हेलिकॉप्टरचा असतो. इंजिनाचा भार वर असल्याने पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर बहुधा उलटते. म्हणून तलावात एक कृत्रिम केबिन बुडवून उलटी करतात आणि प्रशिक्षणार्थीने त्यातून बाहेर यावयाचे असते. एक हात खिडकीच्या कडेला, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. केबिनची हालचाल थांबेपर्यंत धीर धरावयाचा, खिडकी ढकलावयाची, मगच पट्टा सोडावयाचा. पट्टा आधी सोडला तर पाण्याच्या लोंढ्यात दिशेचे भान हरपते. जाकीट आतच फुगविले तर माणूस छताला चिकटून अडकतो. हे ज्ञान पुस्तक वाचून अंगी बाणत नाही. नाकातोंडात पाणी जाऊनच ते शिकावे लागते.

‘ओपिटो’ या आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संस्थेच्या मानकानुसार हा प्राथमिक अभ्यासक्रम तीन दिवसांचा असून त्याचे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. त्यानंतर उजळणी करावी लागते. जहाजांवरील खलाशांसाठी नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांतील मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम वेगळे आहेत. गोव्यातील बेतुल येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या सागरी जीवरक्षण केंद्राचे उद्‌घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. सागरी तेलकामाच्या सुरक्षिततेचे नियम केंद्र शासनाने २००८ मध्येच केले आहेत.

परंतु नियम आणि केंद्रे असूनही एक धोका उरतोच. समुद्रावरील पगाराचे आमिष दाखवून, तलावात न उतरविताच प्रमाणपत्र मिळवून देऊ म्हणणाऱ्या दलालाला मुलगा फसू शकतो. अशा कागदाने नोकरी कदाचित मिळेल. पण उलटलेल्या केबिनमध्ये तो कागद कामास येणार नाही. खोट्या प्रमाणपत्राने फसवणूक मालकाची होत नाही, ते बाळगणाऱ्याच्या जिवाची होते. शिवाय, तो कामगार गोंधळला तर त्याच्या मागे बसलेल्याचीही वाट अडते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शिक्षकांनी आयटीआयकडे वळणाऱ्या मुलांना हा फरक समजावून द्यावा आणि पोहण्याची गोडी लावावी. पंचायत सदस्यांनी अशा नोकरीस निघालेल्या तरुणाला तीन प्रश्न विचारावेत : प्रशिक्षण कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेत घेतलेस? पाण्यात प्रत्यक्ष उतरलास काय? प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपते? उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याला आणखी काही दिवस घरी थांबवावे. नोकरी महिनाभर उशिरा लागली तरी चालेल. मुलगा सुखरूप परत आला पाहिजे.