कागदाची पट्टी आणि आपल्या मुलांचे हात

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. ते काम माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी करीतच असतात. मी चित्रकला आणि कार्यानुभव शिकवणारा साधा शिक्षक. म्हणून आज मी कागदाच्या काही पट्ट्या, खराट्याचा एक हीर आणि गोंदाची बाटली एवढेच घेऊन आपल्यासमोर उभा आहे. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुले, पाने, नक्षी करण्याच्या या कलेला क्विलिंग म्हणतात. ती घरी कशी सुरू करावी, हे मला सांगायचे आहे.

पण आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी वर्गाला या कलेचे एक भेटकार्ड घरून करून आणायला सांगितले. एका मुलीचे कार्ड इतके सुबक होते की मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले आणि ते फळ्याशेजारी लावले. एका मुलाच्या कार्डावरचे फूल वाकडे, पाकळ्या लहानमोठ्या आणि वर गोंदाचे डाग. त्याला मी जेमतेम गुण दिले. पुढच्या तासाला त्या मुलीला म्हटले, "बेटा, सर्वांना एक पाकळी करून दाखव." तिने पट्टी हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "सर, ते कार्ड अब्बांनी दुकानातून आणलं. मला येत नाही." तेव्हा तो वाकड्या फुलाचा मुलगा पुढे आला आणि त्याने अर्ध्या मिनिटात पाकळी करून तिच्या हातावर ठेवली.

त्या दिवशी चूक कोणाची झाली? मुलीची नव्हे. तिच्या वडिलांना वाटले, मुलीचे गुण जाऊ नयेत. चूक माझी होती. मी वस्तू तपासली, हात तपासले नाहीत. तेव्हापासून मी हस्तकलेची कोणतीही वस्तू घरून मागवीत नाही. ती माझ्यासमोर, वर्गातच करून घेतो.

आता या कलेची थोडी ओळख. क्विल म्हणजे पिसाची लेखणी. पूर्वी पिसाच्या दांडीवर पट्टी गुंडाळीत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. युरोपातील ख्रिस्ती मठांत सोन्या-चांदीच्या तारेच्या नक्षीऐवजी सोनेरी कडांच्या कागदाच्या पट्ट्यांची नक्षी करीत. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतल्या मुली हे काम हौसेने शिकत. १८११ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीत एका लहान मुलीसाठी अशीच कागदी नक्षीची टोपली करण्याचा प्रसंग आहे. ज्या तारेच्या कामाची ही नक्कल, ते काम आपल्या देशाला अनोळखी नाही. ओडिशातील कटक आणि तेलंगणातील करीमनगर येथील चांदीची तारकशी प्रसिद्ध आहे. तेथे चांदीची तार वळवतात, येथे कागदाची पट्टी. चांदी सर्वांना परवडत नाही. कागद मात्र प्रत्येक घरात आहे.

साहित्यासाठी दुकानात धावू नका. रंगीत कागद घ्या, फार पातळ नको आणि पुठ्ठ्यासारखा जाडही नको. कापण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या बाजूने पट्टीची लांबी ठेवा. म्हणजे गुंडाळताना पट्टी मोडणार नाही. नवशिक्याने पट्टी ५ मि.मी. रुंद ठेवावी. हात बसल्यावर ३ मि.मी. करावी. ए-४ आकाराच्या एका कागदातून ५ मि.मी. रुंदीच्या ४२ पट्ट्या निघतात. लोखंडी पट्टी ठेवून ब्लेडने कापण्याचे काम मोठ्यांनी करावे.

खराट्याचा जाडसर हीर घेऊन त्याचे टोक ब्लेडने सुमारे १ सें.मी. उभे चिरा. हेही काम मोठ्यांचेच. या चिरेत पट्टीचे टोक अडकवले की झाले तुमचे हत्यार. गोंद पांढरा आणि घट्ट असावा. पातळ गोंदाने कागद भिजून फुगतो. गोंद बाटलीतून ओतू नये, काडीच्या टोकावर मोहरीएवढा घ्यावा. माझ्या अनुभवात मुलांचे निम्मे काम जास्त गोंदानेच बिघडते. पावसाळ्यात हवेच्या ओलीमुळे गोंद वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

आता कृती. पट्टीचे टोक चिरेत धरा आणि हीर फिरवा. पट्टीच्या कडा एकमेकींवर सारख्या बसल्या पाहिजेत. शेवटचे टोक तिथेच चिकटवले तर घट्ट गोळी तयार होते. ती फुलाच्या मध्यभागी कामी येते. गुंडाळी न चिकटवता हिरावरून काढून बाटलीच्या झाकणात ठेवली तर ती झाकणाएवढी उलगडते. मग टोक चिकटवा, म्हणजे सैल चकती झाली. सगळ्या चकत्या एकाच झाकणात उलगडल्या की पाकळ्या सारख्या होतात. चकतीची एक बाजू चिमटीत दाबली की थेंब, दोन्ही बाजू दाबल्या की डोळा. डोळ्याची एक बाजू आत ढकलली की चंद्रकोर. सहा थेंब, मध्ये एक गोळी आणि दोन डोळ्यांची दोन पाने, एवढ्यात एक फूल पूर्ण होते. आधी सर्व भाग कागदावर मांडून पाहा, मगच चिकटवा. पहिल्या दिवशी एवढे एकच फूल करा, पण ते पूर्ण करा.

विद्यार्थी मित्रांनो, यात गणितही आहे. पट्टी ३०० मि.मी. लांब आणि कागद ०.१ मि.मी. जाड असेल, तर पट्टीच्या कडेचे क्षेत्रफळ ३० चौरस मि.मी. भरते. घट्ट गुंडाळल्यावर साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ होते, म्हणजे व्यास सुमारे ६ मि.मी. आता सांगा, व्यास दुप्पट हवा असेल तर किती पट्ट्या जोडाव्यात? पुष्कळ जण दोन म्हणतात. उत्तर चार आहे, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हाताने गुंडाळताना मध्ये थोडी फट राहते, म्हणून गोळी किंचित मोठी येईल. घरी करून मोजा. एकदा हाताने पडताळलेले सूत्र सहसा विसरत नाही.

पालकांनो, आता आपल्याशी दोन शब्द. काही जण मला विचारतात, "सर, याचा उपयोग काय? यातून चार पैसे मिळतील का?" मी खोटी आशा दाखवणार नाही. ईदची, लग्नाची, वाढदिवसाची कार्डे करून थोडे पैसे मिळवता येतात. पण एका कार्डाला नवख्या हाताला दोन-तीन तास लागतात. किंमत ठरवताना कागदाबरोबर ते तासही मोजावे लागतात, आणि गिऱ्हाईक ते मोजायला तयार असतेच असे नाही. तेव्हा पोटापाण्याचे शिक्षण सोडून याच्या मागे लागा, असे मी म्हणणार नाही. पण बिघडलेले काम उलगडून पुन्हा करण्याची सवय, सारखेपणाची नजर आणि सुरू केलेले पूर्ण करण्याची जिद्द या गोष्टी मुलाला कुठल्याही धंद्यात, नोकरीत उपयोगी पडतील. त्या विकत मिळत नाहीत.

म्हणून तीन विनंत्या करतो. तयार वस्तू आणून मुलाच्या नावाने शाळेत पाठवू नका. मुलाची पाकळी वाकडी झाली तर त्याच्या हातातून ती काढून घेऊन स्वतः नीट करू नका. आणि हे काम मुलींचे, ते मुलांचे, असा भेद करू नका. माझ्या वर्गात त्या दिवशी पाकळी मुलानेच केली होती.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगून थांबतो. तिने महिनाभर वर्गात बसून पट्ट्या गुंडाळल्या. तो मुलगा तिला चुका दाखवीत असे. तिचे पहिले स्वतःचे फूल फळ्याजवळच्या त्या कार्डापेक्षा पुष्कळ वाकडे होते. ते तिने एका साध्या कार्डावर चिकटवले आणि ईदला अब्बांना दिले. पुढच्या पालकसभेत ते स्वतः माझ्याकडे आले. त्यांनी खिशातून ते कार्ड काढून दाखवले आणि म्हणाले, "सर, हे मात्र तिनंच केलंय."

आज घरी गेल्यावर एक पट्टी कापून मुलाच्या हातात द्या आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.